कानाचा सहावा भाग

प्रयोगशाळेच्या कपाटात सतरा परीक्षानळ्या होत्या, त्यांतल्या चार बुडाशी तडकलेल्या. स्पिरिटचे दिवे तीन, वात एकालाच. भिंगं पाच. फॉर्मॅलिनच्या बरणीत साप एक. त्याच्या नावाची चिठ्ठी केव्हाच पुसली गेली होती, आणि तपासणीला आलेल्या प्रत्येक साहेबाला तो निरनिराळ्या जातीचा म्हणून दाखवण्यात आला होता. मधल्या फळीवर मानवी कानाची प्लास्टिकची प्रतिकृती, एक. साठा नोंदवहीप्रमाणे तिचे भाग सहा. प्रत्यक्षात पाच.

भागवत सरांनी ते भाग पुन्हा मोजले. बाहेरची पाळी आणि नळी मिळून एक. पडदा, दोन. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं एकाच तारेत ओवलेली, तीन. जांभळा शंख, चार. लाकडी बैठक, पाच. अर्धवर्तुळाकार नलिका नव्हत्या.

पाटोद्याहून लिंबागणेशकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावातली माध्यमिक शाळा. जूनमध्ये मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठतेनं प्रभारी मुख्याध्यापकाची खुर्ची विज्ञानाच्या भागवत सरांकडे आली. खुर्चीबरोबर किल्ल्यांचा एक बोजड जुडगा आला आणि शाळेतल्या सामानाची यादी आली. तिच्याखाली ‘वरील सर्व वस्तू ताब्यात मिळाल्या’ असं छापलेलं होतं. आजवरच्या प्रत्येक मुख्याध्यापकानं त्याखाली चहा पिता पिता सही केली होती. भागवत सर मात्र न मोजता सही करणाऱ्यांतले नव्हते. भाजीवाल्याकडची मेथीची जुडीसुद्धा ते सोडून बघत, आणि म्हणून त्यांच्या पत्नीनं, वनमालाबाईंनी, त्यांना बाजारात पाठवणं बंद केलं होतं.

तो भाग किती वर्षांपासून गायब होता हे सांगणं अवघड होतं, कारण त्याची गरजच कधी पडली नव्हती. सर कान शिकवायचे तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आवाज पडद्यावर कसा आदळतो, हातोडी ऐरणीवर कशी पडते, रिकीब शंखाच्या दाराला कसा धक्का देते आणि शंखातलं पाणी कसं हेलकावतं, हे सगळं ते हातवारे करून सांगत. मग घड्याळाकडे बघून म्हणत, “उरल्या अर्धवर्तुळाकार नलिका. त्या शरीराचा तोल सांभाळतात. एका मार्काचं आहे, सोडा. पुढचा धडा काढा.”

तर तो भाग वरच्या फळीवर असेल म्हणून सर स्टुलावर चढले आणि मान मागे टाकून त्यांनी वर पाहिलं.

त्याच क्षणी प्रयोगशाळा फिरू लागली. ती डावीकडून उजवीकडे फिरली, सापासकट. सरांनी फळी धरली, तर फळीही निघाली होती. स्टूल कधी सुटलं ते त्यांना कळलं नाही. फिनेलच्या डब्यावर बसल्यावर मांडीत काहीतरी रुतलं, तो खिशातला किल्ल्यांचा जुडगा होता.

आवाज ऐकून शिपाई सटवा धावत आला.

“सटवा, भूकंप झाला का रे?”

“न्हाई सर. भूकंप आसता तर मला बी लागला आसता की.”

युक्तिवाद बिनतोड होता. सरांनी कपडे झटकले आणि यादीवर ‘शोध चालू’ असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या कुशीवर वळताच घराचं छत निघालं. मिनिटभरात ते जागेवर आलं, पण पोटात ढवळत राहिलं. वनमालाबाई म्हणाल्या, “पित्त हाय. रात्रीचं पिठलं नडलं.” पिठल्यावर आरोप येणं सरांना मान्य नव्हतं. ते तसेच शाळेला निघाले आणि रस्ता हलत असल्यामुळे शेजारच्या आप्पांच्या कंपाउंडची भिंत धरून चालू लागले.

आप्पा निवृत्त ग्रामसेवक. नोकरीत त्यांनी पाहिलेल्यापेक्षा न पाहिलेल्या गोष्टींचे पंचनामे जास्त केले होते, आणि निवृत्तीनंतरही हात बसलेला होता. ते ओट्यावर दात घासत होते.

“सर, कावून भिताड धरून चाललाव?”

“चक्कर येतेय, आप्पा.”

“सकाळी सकाळी?”

“कुशीवर वळलं, वर बघितलं की येते.”

“मग वर बघताव कावून?” आप्पांनी चूळ भरली. “कानात मळ आसंल. आमच्या साडूला आसंच झालतं. छबू, सरांच्या कानात तेल टाक गं.”

आप्पांच्या पत्नी छबूबाई लसूण घालून कडवलेल्या तेलाची वाटी घेऊन आल्या. भागवत सर विज्ञानाचे पदवीधर. पण ज्या बाईकडून आपण पंधरा वर्षं विरजण आणतो तिला ‘याला आधार काय’ असं विचारता येत नाही. ते ओट्यावर आडवे झाले. आडवे होताच ओटा फिरला, आणि त्या फेऱ्यात वाटीतलं अर्धं तेल कानात आणि अर्धं सदऱ्यावर गेलं.

दुपारपर्यंत उजवा कान ठार बंद झाला. आत जो मळ बिचारा वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसून होता, तो तेल पिऊन फुगला आणि नळीभर पसरला. आता सरांना चक्कर होती आणि उजवीकडचं जग मुकं झालं होतं. उजव्या बाजूनं येणाऱ्या माणसाशी बोलायला मान वळवावी लागे, आणि मान वळवली की तो माणूस फिरायला लागे.

इथं सरांमधला वैज्ञानिक जागा झाला. त्यांनी शांतपणे विचार केला. तेल पाण्यात विरघळत नाही. पण स्पिरिटनं पुसलं की काचेवरचा तेलकटपणा जातो. काच ती काच, कान तो कान. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं, दिव्यातलं स्पिरिट कापसावर घेतलं आणि कानात पिळलं. थोडं कानात गेलं, पुष्कळ मानेवरून कॉलरमध्ये उतरलं. पुढची काही मिनिटं ते टेबलाचा पाय धरून खाली बसून होते. त्याच वेळी मैदानावर शिट्टी वाजली. ती त्यांना डाव्या कानानं ऐकू आली.

तारीख तेरा ऑगस्ट. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाची रंगीत तालीम.

आता जे घडलं ते सबंध शाळेनं, आणि कंपाउंडवर बसलेल्या अर्ध्या गावानं पाहिलं. शारीरिक शिक्षणाचे हनुमान सर आदेश देत होते आणि पहिल्यांदाच झेंडा फडकवणार असलेले प्रभारी मुख्याध्यापक खांबाकडे चालत आले. चाल किंचित नागमोडी होती, पण मैदानही खडबडीत होतं. त्यांनी दोरी धरली. दोरी कप्पीतून नीट येते का हे बघण्यासाठी मान वर केली. खांब फिरला. सरांनी खांबाला मिठी मारली. खांबानं साथ दिली नाही, म्हणून त्यांनी हनुमान सरांना मिठी मारली, आणि तो वजनदार माणूस चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघेवर त्यांच्यासकट जमिनीवर आडवा झाला.

हनुमान सर उठले, शिट्टी पुसली आणि भल्या मनानं हळू आवाजात म्हणाले, “सर, वास येतोय.”

दुर्दैव असं, की ते उजव्या बाजूनं म्हणाले. सरांना ऐकू आलं नाही. कंपाउंडवर मात्र स्वच्छ ऐकू गेलं.

भागवत सर शाळेच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते, हे इथं सांगितलं पाहिजे. दर वर्षी गांधी जयंतीला सगळ्या गावाकडून शपथ ते घ्यायचे. चहासुद्धा ते अर्धा कप घेत. असा माणूस घसरायची गावानं किती वाट पाहिली असेल. संध्याकाळपर्यंत हॉटेलात आप्पांनी तोंडी पंचनामा पुरा केला. “मी डोळ्यानं बघितलं ना. भिताड धरून चाललते. मला म्हणले, कुशीवर वळलं की चक्कर येती. आता बोला. आमी बी नोकऱ्या केल्या, पण सूर्य उगवायच्या आधी कधी घेतली न्हाई.”

संस्थेचे सचिव आदिनाथराव यांचा फोन आला. सरांनी तो डाव्या कानाला लावला.

“सर, मी तुमच्यावर शंका घेत न्हाई. पण गाव घ्यायलंय, आन् गावात इलेक्शन हाय. परवाच्याला झेंडा हनुमान सरांच्या हातानं होऊ द्या. न्हाई तर दवाखान्याचा कागद आणा, की तुमी घेतलेली नव्हती.”

सरांनी फोन ठेवला. चोवीस वर्षं ते त्या झेंड्यासमोर दुसऱ्या रांगेत उभे राहिले होते. फडकवायची पाळी आली ती अशी. आणि परवा दोरी दुसऱ्याच्या हातात गेली, की पुढच्या गांधी जयंतीला शपथ कोणत्या तोंडानं द्यायची? वनमालाबाई फक्त म्हणाल्या, “उद्या सकाळच्या गाडीनं निघा. मी डबा करते.” त्यांनी पिठलं केलं नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खिडकीमागच्या बाबूनं अडचण समजावून सांगितली. “प्यालेल्याचा फॉर्म हाय सर. त्याला पोलिसांचं पत्र लागतं. न प्यालेल्याचा फॉर्मच न्हाई.”

“पण मी प्यालेलो नाही.”

“तीच तर अडचण हाय.” बाबूला खरोखर वाईट वाटत होतं. “थोडी घेऊन येताव का? मग काही तरी करता येईल.”

तरुण वैद्यकीय अधिकारी आतून बाहेर आले. “सर, एकाला न प्यायल्याचा दाखला दिला की उद्या सगळा तालुका दारात येईल. रांग आवरणार कोण?” मग त्यांनी सरांच्या कानाकडे, सदऱ्यावरच्या तेलाकडे आणि धरलेल्या खिडकीकडे पाहिलं. “तुम्ही बीडला कानाच्या डॉक्टरकडे जा.”

“मला चक्कर येतेय, डॉक्टर. कान नंतर बघू.”

“कानच दाखवा,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

बीडची एसटी वळणाला लागली तशी सरांनी खिडकीबाहेर तोंड काढलं. कंडक्टर अनुभवी होता. त्यानं शेजारच्या बाईला उठवून पुढे बसवलं आणि सरांना म्हणाला, “काका, चांगल्या घरचे दिसताव. कशाला नादी लागलाव?” सरांना खुलासा करायचा होता, पण तोंड रिकामं नव्हतं.

बीडमध्ये बसस्थानकामागच्या दवाखान्यात ते भिंतीभिंतीनं शिरले आणि टेबलामागची डॉक्टर उठून उभी राहिली.

“सर? तुम्ही?”

ती ऋतुजा होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसायची आणि कानाची आकृती मास्तरांपेक्षा चांगली काढायची. सरांनी झालेलं सगळं क्रमवार सांगितलं. स्पिरिटचा भाग त्यांनी जरा घाईनं सांगितला.

ऋतुजानं आधी त्यांच्या कानात दिवा घालून पाहिलं. “पडदा शाबूत आहे, नशीब,” असं म्हणून तिनं मळाची तेलकट गोळी बाहेर ओढली. सरांच्या उजव्या बाजूला एकदम पंखा सुरू झाला, मग रस्ता, मग रिक्षा, मग बाहेर कुणाचं तरी नात्यातल्या लग्नावरून चाललेलं भांडण. तो पंखा मघापासून चालूच होता. जग इतकं गोंगाटाचं आहे हे ऐकून त्यांना अतोनात बरं वाटलं.

“ऐकण्याचं झालं. आता तोल.” तिनं त्यांची मान उजवीकडे वळवून त्यांना झटकन मागे निजवलं. खोली फिरली. सरांनी तिचं मनगट घट्ट धरलं, आणि ती मात्र खाली वाकून शांतपणे त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. “डोळे थरथरताहेत सर. छान.”

“छान काय आहे त्यात?”

“निदान झालं.” तिनं त्यांना उठवून बसवलं. “आतल्या कानात बारीक बारीक कण असतात, खडूच्या जातीचे. एका चिकट गादीवर बसलेले. मान कुठं कलली, आपण वर चाललोय की खाली, ते त्यांच्या वजनावरून मेंदूला कळतं. त्यातले काही तुमच्या गादीवरून सुटलेत आणि नळीत शिरलेत. नळीत पाणी असतं. तुम्ही मान वर केली की कण घसरतात, पाणी ढकलतात, आणि मेंदूला वाटतं की तुम्ही फिरताय. डोळे सांगतात, तुम्ही स्थिर आहात. दोघांचं जमत नाही, म्हणून उलटी. गवंड्याच्या पाणसळीत वाळू पडली तर भिंत सरळ कशी येईल, तसं आहे हे.”

“आणि स्पिरिट?”

“कानात थंड काही गेलं की आतलं पाणीही हलतं. म्हणजे होती त्या चकरेत तुम्ही आणखी एक घातलीत.” मग तिनं विचारलं, “कोणत्या नळीत ते कळलं ना सर?”

सरांना कळलं होतं. ते टेबलाकडे बघू लागले.

“अर्धवर्तुळाकार,” ऋतुजा म्हणाली. “एका मार्काचं होतं.”

तिनं टेबलावरची कानाची प्रतिकृती पुढे सरकवली. शाळेतल्यासारखीच, पण पूर्ण. जांभळ्या शंखाच्या डोक्यावर तीन जांभळ्या कड्या, एकमेकींशी काटकोनात. एक मान होकारार्थी हलली की सांगणारी, एक नकारार्थी हलली की, आणि एक खांद्याकडे कलली की. सर त्या कड्यांकडे बघतच राहिले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

एका जांभळ्या कडीत कार्यालयाची किल्ली होती, दुसरीत प्रयोगशाळेची, तिसरीत मुतारीची. कुठल्या तरी मुख्याध्यापकाला ही सोय सुचली होती. मागच्या दोन महिन्यांत भागवत सर तो भाग खिशात घालून हिंडले होते, त्यातल्याच किल्लीनं कपाटाची खोली उघडून तो शोधत होते, आणि त्याच्यावरच पडले होते.

ऋतुजा हसली नाही. म्हणजे तिनं तोंड फिरवून औषधाच्या कपाटात काहीतरी शोधलं.

मग तिनं उपचार केला. औषध नाही, सुई नाही. मान उजवीकडे वळवून मागे निजवलं, थांबली. मान डावीकडे वळवली, थांबली. मग सबंध शरीर डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, थांबली. मग उठवून बसवलं. सरांना वाटलं, मुरंब्याच्या बरणीतला शेवटचा आवळा काढताना बरणी अशीच फिरवावी लागते.

“कण गादीकडे परत गेले असतील. आता डोळे मिटून हात पुढे करा आणि जागच्या जागी पन्नास पावलं टाका. निरोगी माणूसही थोडा वळतो, साधारण तीस अंशांपर्यंत.”

सर वळले, पण थोडेच. मग त्यांनी पाठीमागच्या पलंगावर निजून पाहिलं, वर पाहिलं, उजव्या कुशीवर वळून पाहिलं. छत जागेवर होतं. इतकं स्थिर छत त्यांनी आयुष्यात कौतुकानं पाहिलं नव्हतं. येताना एसटीत तोच कंडक्टर भेटला. “उतरली वाटतं,” तो म्हणाला, आणि सरांनी अगदी मनापासून होकार दिला.

ऋतुजाचा कागद आदिनाथरावांनी पंधरा ऑगस्टच्या सकाळी मैदानावर उघडला. तो इंग्रजीत होता, म्हणून त्यांनी आप्पांना दाखवला. आप्पांनी तो लांब धरला. “डॉक्टरच्या अक्षरात काय बी लिव्हता येतं.”

शेवटी तोडगा निघाला, की झेंडा भागवत सरच फडकवतील, पण हनुमान सर त्यांच्या मागे हात पसरून उभे राहतील.

सर खांबापाशी गेले. चाल सरळ होती, मैदान परवा होतं तितकंच खडबडीत. दोरी धरली. आता वर बघायचं होतं. सबंध शाळा त्यांच्या मानेकडे बघत होती. दुसऱ्या रांगेत वनमालाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सरांनी श्वास घेतला आणि मान मागे टाकली.

खांब उभा होता. आभाळ जागच्या जागी होतं. गाठ सुटली, झेंड्यातल्या झेंडूच्या पाकळ्या थेट त्यांच्या तोंडावर आल्या, एक तोंडातही गेली, आणि सर तसेच वर बघत राहिले, गरजेपेक्षा बरेच जास्त. शेवटी हनुमान सरांनी हात खाली घेतले आणि हळूच म्हटलं, “सर, राष्ट्रगीत.” उजव्या बाजूनं म्हटलं. सरांना ऐकू आलं.

भाषणाच्या वेळी सरांनी भाषण केलं नाही. त्यांनी टेबलावर कानाची प्रतिकृती ठेवली, खिशातून जुडगा काढला, तिन्ही किल्ल्या सोडवल्या आणि जांभळ्या कड्या शंखावर बसवल्या. खट आवाज झाला. “चोवीस वर्षं एक धडा अर्धा शिकवला,” ते म्हणाले, आणि उरलेला शिकवला. मग चाचणी सांगितली. हनुमान सरांनी फक्कीनं एक वर्तुळ आखलं, मध्ये झेंड्याच्या दिशेनं रेघ मारली आणि फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मागवला. सर वर्तुळात उभे राहिले, डोळे मिटले, हात पुढे केले. पन्नास पावलं पोरांनी मोजली.

“यात काय अवघड हाय,” आप्पा पुढच्या खुर्चीवरून म्हणाले. “डोळे मिटून जागच्या जागी चालायला शिकल्यालं लागत न्हाई.”

“या ना मग, आप्पा,” आदिनाथराव म्हणाले.

आप्पा उठले, धोतर सावरलं, वर्तुळात उभे राहिले आणि डोळे मिटले. पोरं मोजू लागली. तिसाव्या पावलाच्या आसपास छबूबाईंनी तोंडाला पदर लावला. पन्नासावं पाऊल पडलं तेव्हा आप्पा मुतारीकडे तोंड करून, हात पुढे करून, डोळे मिटून उभे होते.

“बघा,” ते म्हणाले, “हाय का न्हाई झेंड्यासमोर.”

हनुमान सर कोनमापक घेऊन खाली वाकले. त्यांनी सांगितलेले आकडे सटवानं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले.

भागवत सर : उजवीकडे नऊ अंश.

आप्पा : डावीकडे एकशे चौदा अंश.